बास गिटार, विद्युत : जोडणी, फेरफार व ओळख
मंद्र स्वरांचे, बहुधा चार तारांचे (ई, ए, डी, जी) तंतुवाद्य. लिओ फेंडर यांचा ‘प्रिसिजन बास’ १९५१ मध्ये, तर ‘जॅझ बास’ १९६० मध्ये आला. हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ हे नामवंत बासवादक.

जोडणी : पिकअपचा संकेत आवाजाच्या पॉटमधून (सामान्यतः २५० किलोओहम) जॅककडे जातो. टोनच्या पॉटवरील ०·०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तीव्र स्वरांश ग्राउंडला वळवतो. तारांना हात लावूनही गुणगुण कमी होत नसेल, तर ब्रिजखालची ग्राउंडची तार तुटली असण्याची शक्यता असते. कामोठे-पनवेलसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत जॅक व पॉट गंजून खरखरतात.

फेरफार : ९ व्होल्ट बॅटरीचा प्रीॲम्प बसवताना स्टिरिओ जॅक लावतात, त्यामुळे प्लग काढताच बॅटरी बंद होते.

ओळख : पॉटवरील १३७६६३३ या अंकांत १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे आठवडा. वाद्य त्यापूर्वीचे नसते. मात्र पॉट बदललेला असू शकतो. म्हणून मूळ डाखकाम व नेकच्या बुडावरील तारीखही पडताळतात.