हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन गोधड्या : कृती, निवेदन आणि साक्ष

१

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार आणि सरकारी दप्तरे ही प्रथम डोळ्यांसमोर येतात. अंथरुणा-पांघरुणाच्या वस्त्रांचा समावेश त्या यादीत सहसा होत नाही. ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही अशा समाजाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास मात्र ही यादी अपुरी पडते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स (१८३७-१९१०) यांच्या दोन गोधड्या आज उपलब्ध आहेत. पहिली वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आणि दुसरी बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. या दोन वस्त्रांची, त्यांच्या प्रदर्शनांची आणि त्यांच्याविषयी वेळोवेळी लिहिल्या गेलेल्या शब्दांची एकत्र छाननी केली असता, कर्त्याच्या कृतीवर इतरांचे निवेदन कसे चढत जाते याचे एक बोधप्रद उदाहरण हाती लागते.

प्रथम परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील ‘क्विल्ट’ हे वस्त्र तीन थरांचे असते : वरचे शोभिवंत कापड, मधला कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खालचे अस्तर. आपल्याकडील गोधडी किंवा वाकळ ही मुख्यतः जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली असते. संस्कृतातील ‘कंथा’ हा शब्दही जीर्ण वस्त्रांच्या तुकड्यांची आठवण करून देतो. दोन्हींची घडण अगदी एकच नसली, तरी उरलेल्या चिंध्यांतून ऊब निर्माण करणे हा हेतू समान असल्यामुळे प्रस्तुत लेखात ‘गोधडी’ हाच शब्द योजिला आहे.

२

हॅरिएट यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८३७ रोजी अथेन्स नावाच्या गावाजवळ झाला. मॅडिसन परगण्यातील लेस्टर कुटुंबाच्या मालकीत त्यांचे बालपण गेले. १८५५ मध्ये आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना किमान नऊ अपत्ये झाली. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पुढे १८८० नंतरच्या दशकात या दांपत्याची चार एकर जमीन होती असे कागदपत्रांवरून दिसते. मात्र ही स्थिती फार काळ टिकली नाही. कापूस पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यांना ती वर्षे अत्यंत ओढग्रस्तीची गेली. पॉवर्स कुटुंबाची जमीनही हळूहळू हातची गेली आणि बाईंना शिवणकामाचा आधार घ्यावा लागला.

बायबल-गोधडी या नावाने ओळखली जाणारी त्यांची पहिली उपलब्ध कृती १८८५-८६ च्या सुमाराची आहे. ती सुमारे १९१ सेंटिमीटर रुंद व २२७ सेंटिमीटर लांब असून तीन ओळींत अकरा चौकटी आहेत. आदाम व हव्वा, काइनाने केलेला हाबेलाचा वध, पत्नीच्या शोधार्थ काइनाचे नोद देशी जाणे, याकोबाचे स्वप्न, ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, यहूदा इस्कार्योत व चांदीची तीस नाणी, शेवटचे भोजन, क्रूसारोपण इत्यादी प्रसंग तीत आहेत. मनुष्य, पशू, तारे, सूर्य यांचे आकार रंगीत सुती कापडातून कातरून ते जमिनीच्या कापडावर शिवून बसविले आहेत. हे काम हाताने आणि यंत्राने अशा दोन्ही प्रकारे झालेले आहे. लोककलेविषयी बोलताना हातशिलाईचे जे सोवळे पाळले जाते ते या कर्तीने पाळलेले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिवणयंत्र हे तिच्या काळातील नवे साधन होते आणि तिने ते निःसंकोच वापरले.

३

ही गोधडी प्रथम लोकांपुढे आली ती १८८६ साली, अथेन्स येथील कापूस-प्रदर्शनात. तेथील ल्यूसी कॉब इन्स्टिट्यूट या मुलींच्या विद्यालयात चित्रकला शिकविणाऱ्या जेनी स्मिथ या गौरवर्णीय शिक्षिकेने ती पाहिली व विकत मागितली. पॉवर्सबाईंनी साफ नकार दिला. पुढे चार-पाच वर्षांनी, आर्थिक अडचणीच्या काळात, त्या स्वतःच विक्रीस तयार झाल्या. त्यांनी दहा डॉलर मागितले. स्मिथबाई पाचच देऊ शकत होत्या. पतीने आग्रह केल्यावरून अखेर पाच डॉलरवर सौदा ठरला. स्मिथबाईंनी लिहून ठेविले आहे की, हॅरिएट बैलगाडीतून आल्या तेव्हा गोधडी स्वच्छ पिठाच्या पिशवीत घालून वर गोणपाटात गुंडाळलेली होती आणि त्यांनी ती मांडीवर घेतली होती. विक्रीनंतरही त्या अनेकदा आपली कृती पाहावयास येत असत.

या भेटींचा उल्लेख चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्यासारखा नाही. उपयोगाची वस्तू विकली की तिच्याशी संबंध संपतो. कवी मात्र काव्याचे हक्क विकूनही त्याचा कर्ता राहतो. पॉवर्सबाईंच्या वर्तनात हा दुसरा भाव स्पष्ट आहे. विक्रीच्या प्रसंगी त्यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला व स्मिथबाईंनी तो टिपून घेतला. म्हणजे वस्त्र सुपूर्द करताना त्यासोबत त्याचे भाष्यही सुपूर्द करण्यात आले. त्या भाष्यामुळेच यहूदाच्या पायाशी असलेले मोठे वर्तुळ म्हणजे तीनशे वर्षांनंतर १८८६ मध्ये पुन्हा दिसलेला तारा होय, असे कळते. केवळ आकृती पाहून हा अर्थ कोणासही लागला नसता. बायबलातील कथेत समकालीन आकाश मिसळण्याची जी प्रवृत्ती दुसऱ्या गोधडीत प्रकर्षाने दिसते, तिचे बीज येथेच आहे.

१८९५ मध्ये अटलांटा येथे कापूस-उत्पादक राज्यांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे गाजलेले भाषण याच प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी झाले. कृष्णवर्णीयांच्या कार्यासाठी तेथे स्वतंत्र इमारत होती व तीत स्मिथबाईंच्या मालकीची ही गोधडी मांडण्यात आली. एकीकडे सन्मान आणि दुसरीकडे विलगीकरण असे या मांडणीचे दुहेरी स्वरूप होते.

४

बॉस्टन येथील दुसरी गोधडी १८९५ ते १८९८ या काळातील आहे. अटलांटा विद्यापीठातील अध्यापकांच्या पत्नींनी ती १८९८ साली विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावरील रेव्हरंड चार्ल्स कथबर्ट हॉल यांना भेट दिली. ती मुद्दाम करवून घेतली होती की तयार असलेली विकत घेतली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पुढे १९६० मध्ये संग्राहक मॅक्सिम कारोलिक यांनी ती घेतली व त्यांच्या मृत्युपत्रान्वये १९६४ मध्ये ती बॉस्टनच्या संग्रहालयाकडे आली.

तीत पंधरा चौकटी असून त्यांचे विषय दोन प्रकारचे आहेत. इयोब, मोशे, योना, ख्रिस्त हे बायबलातील; आणि १९ मे १७८० चा काळोखी दिवस, १३ नोव्हेंबर १८३३ ची उल्कावृष्टी, १८४६ ची लाल रात्र व १८९५ चा ‘थंडीचा गुरुवार’ हे लोकस्मृतीतील. यांपैकी पहिल्या दोन घटना कर्तीच्या जन्मापूर्वीच्या आहेत. काळोखी दिवस तर दूरच्या न्यू इंग्लंड प्रदेशातला. वणव्यांच्या धुरामुळे तो अंधार पडला असावा असे वृक्षवलयांच्या आधारे मानले जाते. घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी जॉर्जियातील एका स्त्रीच्या कापडावर ती तिथीसह उमटावी, यावरून प्रवचने, पंचांगवजा पुस्तके व मौखिक परंपरा यांतून वार्ता किती दूर वाहत जात असे याची कल्पना येते.

‘थंडीच्या गुरुवारा’चे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. गोधडीसोबतच्या लिखित टिपणांत त्याची तारीख १० फेब्रुवारी १८९५ अशी दिली आहे. कॅलेंडर पाहिले तर त्या दिवशी रविवार होता. गुरुवार येतो तो ७ किंवा १४ तारखेला. ही चूक टिपणकाराची की कर्तीची हे ठरविणे आज शक्य नाही. परंतु वार हा नावाचा भाग झालेला आहे आणि तारीख मागाहून जोडलेली आहे, एवढे अनुमान करण्यास हरकत नसावी. मौखिक स्मृती घटनेला नाव देते आणि लेखन तिला आकडा देते. दोहोंचा सांधा जेथे नीट बसत नाही, तेथे संशोधकाला दोन्ही परंपरांचे स्वतंत्र अस्तित्व दिसून येते.

याच गोधडीत बेट्स नावाची डुकरीण आहे. जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत ती पाचशे मैल धावली, असे टिपण सांगते आणि तिला ‘स्वतंत्र’ हे विशेषण लावते. ज्यांना ईश्वराविषयी काही शिकविले गेले नाही अशा धनिकांच्या चौकटीत ही डुकरीण असावी आणि संपूर्ण गोधडीतील सर्वांत मोठी आकृती तिचीच असावी, हे हेतुपूर्वक झाले असावे. दक्षिणेतून उत्तरेकडे पळणाऱ्या प्राण्याचा अर्थ गुलामगिरीत जन्मलेल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

५

या दोन कृतींविषयी शब्दरूप साधने तीन प्रकारची होती : स्मिथबाईंचे टिपण, दुसऱ्या गोधडीसोबतची टिपणे आणि १९१४ साली ल्यूसीन फिंच यांनी ‘आउटलुक’ नियतकालिकात लिहिलेला लेख. शेवटच्या लेखात एका वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीचे बोलणे बोलीच्या अशुद्ध वाटणाऱ्या वर्णलेखनात दिले आहे. तिचे नाव मात्र दिलेले नाही. तिन्ही ठिकाणी लेखणी दुसऱ्याच्या हाती आहे. यावरून पॉवर्सबाई निरक्षर होत्या, त्यांनी बायबल केवळ ऐकले होते, असा समज दृढ झाला व पुढील अभ्यासकांनी तो सिद्धान्तासारखा स्वीकारला. गुलामांना वाचन शिकविण्यास जॉर्जियात १८२९ च्या कायद्याने बंदी होती, ही गोष्ट या समजाला पोषकच ठरली.

कायरा हिक्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हा समज मोडीत काढला. पॉवर्सबाईंनी १८९६ साली आयोवा राज्यातील कीओकक येथील एका महिलेला लिहिलेल्या पत्राची नक्कल त्यांना तेथे आढळली. त्या पत्रात बाई सांगतात की, अकराव्या वर्षी मालकाकडील गोऱ्या मुलांनी पॉप्लरच्या पानावर, ध्वनीवरून, त्यांना अक्षरओळख करून दिली आणि पुढे त्या स्वतःच शिकल्या. १८७२ मध्ये त्यांनी चार हजारांहून अधिक शंकरपाळी-आकाराच्या तुकड्यांची गोधडी केली होती. १८८२ मध्ये चर्चच्या सदस्य झाल्यावर शेवटच्या भोजनाची गोधडी केली. ताऱ्यांची एक गोधडी अथेन्स येथील कृष्णवर्णीयांच्या प्रदर्शनात १८८७ साली मांडली, अशी नोंदही त्या पत्रात आहे.

या एका पत्राने तीन गोष्टी बदलल्या. एक, दोन कृतींची कर्ती ही किमान पाच कृतींची कर्ती ठरली व तिच्या कलाजीवनास कालक्रम लाभला. दोन, तिच्या प्रदर्शनांचा इतिहास गौरवर्णीय आश्रयदात्रीपासून सुरू होऊन तेथेच संपतो ही समजूत गळून पडली. स्वसमाजाच्या प्रदर्शनातही ती स्वतःहून उभी होती. तीन, बायबल ऐकणारी ती बायबल वाचणारी झाली. त्यामुळे तिच्या चौकटींतील प्रसंगांची निवड ही श्रवणाचा योगायोग न राहता वाचकाची निवड ठरते.

शैलीच्या उगमाविषयीही येथे सावधगिरी हवी. पश्चिम आफ्रिकेतील डाहोमी राज्याच्या आबोमे राजधानीत कापडी आकृत्या शिवलेले ध्वज व पडदे होत असत. त्यांच्याशी पॉवर्सबाईंच्या आकृत्यांचे साम्य जॉन व्हलाच व इतर अभ्यासकांनी दाखविले. साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. परंतु आबोमेचे काम राजदरबाराच्या आश्रयाखाली पुरुष कारागीर करीत, आणि तेथून जॉर्जियापर्यंत येणारी साखळी दाखविता आलेली नाही. भाषाशास्त्रात दोन भाषांतील शब्दसाम्यावरून आप्तसंबंध सिद्ध होत नाही. त्यासाठी नियमित अनुरूपता व प्रसाराचा मार्ग दाखवावा लागतो. आकृतिसाम्यालाही हीच कसोटी लाविली पाहिजे.

६

बायबल-गोधडी स्मिथबाईंच्या मृत्यूनंतर इतरांच्या हाती जाऊन १९६९ मध्ये स्मिथ्सोनियन संस्थेस मिळाली. पॉवर्सबाई १ जानेवारी १९१० रोजी निवर्तल्या. त्यांची विस्मृत समाधिशिला अथेन्सच्या गॉस्पेल पिल्ग्रिम दफनभूमीत २००५ साली पुन्हा सापडली. ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या अवधीत बॉस्टन येथे भरलेल्या अमेरिकन गोधड्यांच्या प्रदर्शनात दोन्ही कृती प्रथमच शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. कर्तीलाही हा योग लाभला नव्हता, कारण दुसरी तयार झाली तेव्हा पहिली पाच डॉलरला परकी झालेली होती.

पॉवर्सबाईंच्या निरक्षरतेचे विधान सिद्ध करण्याची गरज कोणास भासली नाही, कारण त्यांच्या वर्गाविषयीच्या अपेक्षेशी ते जुळत होते. एखाद्या व्यक्तीचे लेखन उपलब्ध नाही एवढ्यावरून तिला लिहिता येत नव्हते असे ठरत नाही. दप्तराच्या मौनाचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे हा संशोधनातील प्रमाद होय. ओवी, कहाणी, रांगोळी किंवा गोधडी यांच्या कर्त्यांविषयी लिहिताना तो आपल्याकडेही सहज घडण्याजोगा आहे. स्मिथबाईंच्या दाराशी आलेल्या त्या स्त्रीने गोधडीबरोबर तिचा अर्थही मोजून दिला होता. तो तिच्याच शब्दांत वाचावयास मिळण्याची शक्यता शंभराहून अधिक वर्षे कोणी तपासून पाहिली नाही, ही गोष्ट तिच्याविषयी जितके सांगते त्याहून अधिक अभ्यासकांविषयी सांगते.