झेंड्याविना हजेरी



सन २०००चं सिडनी ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला कर्णम मल्लेश्वरी आठवते. १९ सप्टेंबरला तिनं एकूण २४० किलो वजन उचललं आणि कांस्यपदक मिळवलं. भारतीय बाईनं ऑलिंपिकमध्ये जिंकलेलं ते पहिलं पदक. त्या वर्षी आपल्या देशाच्या वाट्याला आलेलंही ते एकच. तिच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं आणि बोलायलाच हवं होतं. पण आज मी सांगणार आहे ती त्याच सिडनीतल्या दुसऱ्या एका बाईची गोष्ट. ही बाई धावली आणि ४३वी आली. तिचा देश तेव्हा जगाच्या यादीत देश म्हणून नोंदलेलाच नव्हता.

तिचं नाव आगिदा आमाराल. वय २८. गाव पूर्व तिमोरमधलं दिली.

१५ सप्टेंबरच्या रात्री उद्घाटनाचं संचलन चाललं होतं. एकेक देश आपापला झेंडा घेऊन मैदानात येत होता. यजमान ऑस्ट्रेलियाचा संघ रिवाजाप्रमाणे शेवटी यायचा होता. त्याच्या आधी चारच माणसं आत आली, तीन पुरुष आणि एक बाई. पोशाख पांढरा. पुढे झेंडा होता तोही ऑलिंपिकचा, पांढऱ्यावर पाच कड्यांचा.  कागदोपत्री ते ‘वैयक्तिक खेळाडू’ होते. पण ते कुठून आलेत हे स्टेडियममधल्या माणसांना ठाऊक होतं. लोक उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

लोक का उभे राहिले, ते समजायचं तर थोडं मागं जावं लागेल.

तिमोर हे इंडोनेशियाच्या बेटांच्या माळेतलं ऑस्ट्रेलियाकडच्या बाजूचं एक बेट. त्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे पूर्व तिमोर. क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. इथल्या डोंगरांत चंदन होतं. त्या चंदनासाठी सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिथं पोचले. तेच पोर्तुगीज, जे आपल्या गोव्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातूनच पाहिला जाई. गोवा १९६१मध्ये मोकळा झाला. तिमोर मात्र पोर्तुगालमध्ये क्रांती होईपर्यंत, म्हणजे १९७४पर्यंत तसाच राहिला.

पोर्तुगीज निघाले. २८ नोव्हेंबर १९७५ला तिमोरच्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. ते किती दिवस टिकलं? नऊ दिवस. ७ डिसेंबरला शेजारच्या इंडोनेशियानं फौज घुसवली. पुढच्या वर्षी ‘हा आमचा सत्ताविसावा प्रांत’ असं जाहीर करून टाकलं. संयुक्त राष्ट्रांनी ते कधी मान्य केलं नाही, पण थांबवलंही नाही. ऑस्ट्रेलियानं तर १९७९मध्ये त्या ताब्याला रीतसर मान्यता देऊन टाकली. समुद्राखाली तेल आणि वायू होता, त्याचा हिशेबही त्यात होता.

असा २४ वर्षांचा काळ गेला. नंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं हिशेब मांडला, तेव्हा १९७४ ते १९९९ या वर्षांत निदान १,०२,८०० माणसं या संघर्षापायी मेल्याचं दिसलं. त्यातली सुमारे १८,६०० थेट मारली गेली किंवा बेपत्ता झाली. बाकीची भूक आणि आजारानं गेली. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. बंदुकीपेक्षा चारपट माणसं भुकेनं गेली. लढाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक येतो. पण शेत सोडून डोंगरात पळावं लागतं, पेरणी चुकते, लेकरू तापानं फणफणतं आणि औषध नसतं. लढाईतलं हे मरण घरात येऊन बसतं आणि ते बहुतेक वेळा बाईला पाहावं लागतं.

३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी तिथं मतदान घेतलं. प्रश्न असा होता की इंडोनेशियात राहून स्वायत्तता हवी की नको? नको म्हटलं तर स्वातंत्र्य. मतदान केलं तर मार बसेल, घर जळेल, अशा धमक्या आधीपासून होत्या. तरी नोंदलेल्या शंभर मतदारांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक मतदार आले. ७८.५ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूनं पडली.

आणि मग धमक्या खऱ्या झाल्या. इंडोनेशियाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी गावंच्या गावं पेटवली. शेकडो माणसं मारली गेली. दोन लाखांहून अधिक लोकांना सरहद्दीपलीकडे जावं लागलं. दिली शहराचा बराचसा भाग जळून गेला. २० सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय फौज उतरली तेव्हा कुठं हे थांबलं. त्या फौजेचं नेतृत्व ऑस्ट्रेलियाकडे होतं. म्हणजे ज्या देशानं वीस वर्षांपूर्वी तो ताबा मान्य केला होता, त्याचेच सैनिक आता रक्षणाला आले. साधारण वर्षभरानं त्याच देशातल्या मैदानात तिमोरची चार माणसं चालत होती. त्या टाळ्यांमागं हेही होतं.

आगिदाचं घर त्या जाळपोळीत गेलं. घराबरोबर तिचे पळायचे बूटही गेले, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. ती अनवाणी सराव करत राहिली.

आता प्रश्न येतो की देशच नाही तर संघ कसला? ऑलिंपिकला जायचं तर देशाची ऑलिंपिक समिती लागते. तिमोरमध्ये २०००साली सरकारच नव्हतं. कारभार संयुक्त राष्ट्रांकडे होता. पण एक वाट आधी पडली होती. १९९२मध्ये युगोस्लाव्हियावर निर्बंध आले, तेव्हा तिथल्या खेळाडूंना देशाच्या नावाशिवाय, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली बार्सिलोनात खेळू दिलं होतं. तोच मार्ग तिमोरसाठी धरला. एक मुष्टियोद्धा, व्हिक्तोर रामोस. एक भारोत्तोलक, मार्तिन्यो द आराउजो. आणि मॅरेथॉनचे दोघं, कालिस्तो द कोस्ता आणि आगिदा. एवढाच तो संघ.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आगिदा त्या रांगेत उभी राहिली, त्याच्यामागं बायकांचा म्हणून एक वेगळा इतिहास आहे. १९२८मध्ये ॲमस्टरडॅमला बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर दमून काहीजणी बसल्या, आडव्या झाल्या. पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी मीठमसाला लावून लिहिलं की हे बाईच्या शरीराला झेपत नाही. त्यावर ती शर्यतच बंद झाली, ती थेट १९६०पर्यंत. ८०० मीटरची ही कथा, तर ४२ किलोमीटरचं काय? बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४साली, लॉस एंजेलिसला. त्याच काळात आपल्या आयाआज्या डोक्यावर हंडे घेऊन मैलोगणती चालत होत्या. ते कुणाला झेपण्यापलीकडचं वाटलं नव्हतं.

२४ सप्टेंबर २०००. सिडनीच्या रस्त्यांवर शर्यत सुरू झाली. जपानची नाओको ताकाहाशी २ तास २३ मिनिटं १४ सेकंदांत पहिली आली. दुसरी आली, तिसरी आली, तिघींना पदकं मिळाली. आगिदा अजून रस्त्यावरच होती. पाऊण तास उलटून गेला.

मग ती स्टेडियममध्ये शिरली. तिला वाटलं, झालं, पोचले. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं देवाचे आभार मानले. पण शर्यत संपली नव्हती. मैदानात अजून धावायचं होतं. अधिकाऱ्यांनी जाऊन तिला सांगितलं. ती उठली, पुन्हा धावू लागली आणि सारं स्टेडियम तिच्यासाठी ओरडत असताना तिनं शेवटची रेघ ओलांडली. वेळ ३ तास १० मिनिटं ५५ सेकंद. क्रमांक ४३.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तिची कीव आली होती. बिचारी, तिला कुणी मार्गही नीट समजावला नाही! आता तसं वाटत नाही. पोचलो असं वाटून बसलेल्या माणसाला पुन्हा उठवणं फार अवघड असतं. शरीर एकदा थांबलं की परत चालत नाही, हे दिवसभर लावणी करून बांधावर टेकलेल्या बाईला विचारा. तिच्या देशाचंही तसंच झालं होतं. १९७५मध्ये वाटलं, पोचलो. नऊ दिवसांत पुन्हा उठावं लागलं. मत देऊन झालं, वाटलं, आता तरी संपलं. तेव्हा घरं जळाली.

कुणी म्हणेल, घरावर छप्पर नाही, पोटाला नाही आणि यांना खेळ कसले सुचतात? प्रश्न चुकीचा नाही. त्या चौघांना एकही पदक मिळालं नाही. रामोस पहिलीच लढत हरला. त्यांच्या धावण्यानं एकाही घरावर पत्रा चढला नाही. पण छप्पर आणि भाकर मागायलासुद्धा आधी नाव लागतं. २४ वर्षं जगाच्या नकाशांवर हे लोक ‘इंडोनेशियाचा एक प्रांत’ म्हणून लिहिले जात होते. सिडनीत निदान एका जागी ते इंडोनेशियाच्या रांगेत नव्हते. नाव मिळालं नव्हतं, पण दुसऱ्याचं नाव पुसलं गेलं होतं.

पुढचं पटापट घडलं. २० मे २००२ला मध्यरात्री दिलीमध्ये संयुक्त राष्ट्रांचा झेंडा उतरला आणि तिमोरचा चढला. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला तिमोर-लेस्ते हा देश संयुक्त राष्ट्रांचा १९१वा सदस्य झाला. आणि दोनच दिवसांनी दक्षिण कोरियात बुसानला आशियाई स्पर्धा सुरू झाल्या, तिथं तो देश म्हणून उतरला.

आगिदा २००४मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकला गेली. या वेळी अंगावर देशाचं नाव होतं. मॅरेथॉनच्या दिवशी भयंकर ऊन होतं. जिच्या नावावर जागतिक विक्रम होता, ती इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ ३६ किलोमीटरच्या आसपास रस्त्याकडेला रडत बसली. तिला पुढे जाता आलं नाही. यात तिला कमी लेखायचं नाही. फार मोठी धावपटू होती ती, तरी त्या दिवशी शरीरानं साथ सोडली. पण आगिदा आमाराल त्या उन्हात शेवटपर्यंत धावली. मागून दुसरी का होईना, तिनं रेघ ओलांडली. आज त्या निकालाचा कागद काढला तर तिच्या नावापुढे देशाचं नाव आहे.

२०२४च्या पॅरिसपर्यंत तिमोर-लेस्तेला ऑलिंपिकचं एकही पदक मिळालेलं नाही. पण सिडनीनंतरच्या प्रत्येक उन्हाळी ऑलिंपिकला त्यांचा संघ गेला आहे, स्वतःच्या झेंड्यामागून.

आता आपल्याकडे येते. आपल्यातल्या बऱ्याचजणी ज्या रानात राबतात, त्याच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव नसतं. पेरणी, खुरपणी, काढणी सगळं आपलं, उताऱ्यावर मात्र दुसरंच नाव. ते बदलायला हवं आणि त्यासाठी तलाठ्याकडे खेपाही घालाव्या लागतील. पण कागद होईपर्यंत घरी बसून राहायचं का? आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. कित्येक गावांत ती वहीतच उरकली जाते. वही घरी येते आणि आपण चुलीपुढून उठून सही करतो. पुढच्या वेळी वही आली तर सांगायचं, सही सभेत करीन. मग जायचं. बोलायला जमलं नाही तरी चालेल, मागं बसलो तरी चालेल. एकदा जाऊन काही झालं नाही, तर पुन्हा जायचं.

तुमच्या गावातली महिला सभा शेवटची कधी भरली आणि तिला किती जणी होत्या, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तुमच्या निरोपांवरच बोलू. तोवर नमस्कार.