इंदूरची एका तुकडीची शाळा

हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, या गावांत एके काळी हैदराबाद कंटिन्जन्टच्या छावण्या होत्या. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पैसा निजामाचा, शिपाई हिंदी आणि हुकूम गोऱ्या साहेबाचा. हिंदी माणूस चढत चढत फार तर सुभेदार किंवा रिसालदार होई. उभी हयात नोकरीत घालवलेल्या सुभेदारालाही नुकत्याच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम करावा लागे. १९०३ मध्ये कंटिन्जन्टच्या पलटणी हिंदी लष्करात मिसळल्या, पण हा दंडक तसाच राहिला.

लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये इम्पीरियल कॅडेट कोअर काढली खरी. पण ती राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी होती. तिथून बाहेर पडणाऱ्याला मिळणारी सनद गोऱ्या सैनिकांवर हुकूमत देणारी नव्हती. शोभेचे पद, इतकेच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणींनी रक्त सांडले, तेव्हा कुठे सरकार हलले. ऑगस्ट १९१७ मध्ये नऊ हिंदी अधिकाऱ्यांना राजाची पूर्ण सनद मिळाली. त्या नऊ नावांत बाळासाहेब डफळे हे आपले एक नाव आहे. हे आडनाव वाचले की जत संस्थान आठवते. आपल्या इतिहासलेखनात या नावाची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही, असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, होळकरांच्या इंदुरात कॅडेट कॉलेज उघडले. अनेकांचा इथे घोटाळा होतो. संस्थानिकांच्या मुलांचे डेली कॉलेज आधीपासून होते आणि आजही आहे. त्याच्याशी जोडून चाललेली ही लष्करी शाळा मात्र वेगळी. मुलांनी तिथेच राहायचे, कवायत करायची, नेमबाजी, घोडेस्वारी आणि रणशास्त्र शिकायचे. संस्थानाची गादी नसलेल्या घरांतील मुलेही इथे आली. कूर्गचे करिअप्पा हे महसूल खात्यातल्या नोकरदाराचे चिरंजीव. दादाभाई नौरोजींचे नातू केरशास्प हेही याच तुकडीतले. १ डिसेंबर १९१९ रोजी चाळिशीच्या आसपास तरुण सनद घेऊन बाहेर पडले, तीही सुरुवातीला तात्पुरती. करिअप्पांची पहिली नेमणूक मुंबईत कर्नाटिक इन्फंट्रीत झाली.

आणि शाळा बंद झाली.

युद्ध संपले, गरज संपली, असे याचे कारण सांगितले जाते. ते मला अपुरे वाटते. गरज संपली असती तर सँडहर्स्टला हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा कशाला ठेवल्या असत्या? दार बंद केले नाही, फक्त ते सात समुद्रांपलीकडे नेऊन बसवले. विलायतेचा खर्च, परकी भाषा आणि एकटेपणा ज्याला झेपेल त्यानेच तिथे जायचे. इंदुरात चाळीसेक जण वर्षभरात तयार होतात हे सिद्ध झाले होते, आणि नेमके तेच सरकारला अडचणीचे होते. इतके हिंदी अधिकारी दरवर्षी निघाले तर उद्या गोऱ्यांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागेल, ही धास्ती होती.

ती धास्ती १९२३ मध्ये उघडी पडली. हिंदी अधिकाऱ्यांसाठी आठ पलटणी वेगळ्या काढल्या गेल्या. गोरा अधिकारी हिंद्याच्या हाताखाली येऊ नये, हाच त्यातला हिशेब. स्कीन समितीसमोर आणि गोलमेज परिषदेत ‘इथेच शाळा काढा’ ही मागणी पुन्हा पुन्हा करावी लागली. डॉ. मुंजे तिचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. सरकारची डेहराडूनची अकादमी सुरू झाली ती १ ऑक्टोबर १९३२ रोजी. इंदूरनंतर जवळजवळ तेरा वर्षे या देशात हिंदी माणसाला अधिकारी बनवणारी शाळाच नव्हती.

या तेरा वर्षांत किती तरुणांचे वय निघून गेले असेल! इंदूरच्या तुकडीतले करिअप्पा १५ जानेवारी १९४९ रोजी भारताचे पहिले हिंदी सरसेनापती झाले.

वेगळ्या काढलेल्या त्या आठ पलटणींत पाचवी मराठा रेजिमेंटची एक होती आणि एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची एक. ही दुसरी मूळची कंटिन्जन्टचीच. जिथे आमच्याकडचा माणूस सुभेदारीपर्यंत पोचून थांबे, त्याच पलटणीत पुढे थिमय्या अधिकारी म्हणून रुजू झाले. १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव बदलून कुमाऊँ झाले, आणि हैदराबादचे नाव लष्कराच्या यादीतून गेले.