कसोटी आणि भार

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये सायंकाळी जमणाऱ्या मराठी मंडळींत कारखान्याच्या विषयाला तोटा नसतो. किती माल निघाला हे बहुतेकांस ठाऊक असते. तो कोणी व कशाशी ताडून पाहिला, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि १९६० मध्ये रुळांची गिरणी चालू झाली. रूळ कारखाना करतो. परंतु रेल्वेच्या लेखी अटींशी ताडून ते पसंत करणारा निरीक्षक बाहेरचा असतो. करणारा व तपासणारा एक नसावा, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

पण या अटी आल्या कोठून? रुळाचा तुकडा दोन आधारांवर ठेवून त्यावर उंचावरून वजन टाकावयाचे आणि तो मोडता कामा नये, ही जुनी कसोटी. २५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे रूळ तुटून गाडी घसरली व २९ माणसे मृत्युमुखी पडली. रुळाच्या पोटात आडवी चीर होती. बाहेरून तिचा मागमूस लागणे शक्य नव्हते. अशा चिरांचे मूळ पोलादात कोंडलेल्या हायड्रोजनमध्ये असते, हे पुढे उमगले. म्हणून आज द्रव पोलादातील हायड्रोजनला दशलक्षांत १.६ भागांची मर्यादा आहे आणि तयार रूळ श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासला जातो. ही कलमे अशी अनुभवाची किंमत मोजून आलेली आहेत.

हाच न्याय सॉफ्टवेअरलाही लागू आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियान-४ वरून घेतले होते आणि तेथे ते बिनचूक चालले होते. नव्या बाणाचा आडवा वेग फार अधिक. त्याचा आकडा सोळा बिटांच्या जागेत मावला नाही. चौकशीत दिसून आले की, नव्या उड्डाणमार्गाचा तपशील त्या यंत्रणेच्या लेखी अटींत घातलाच नव्हता, आणि त्या मार्गानिशी तिची चाचणीही झाली नव्हती.

‘अटींनुसार तपासले’ हा शेरा आपण सरकारी नोकर नित्य लिहितो. त्यात असत्य काही नसते. परंतु तो अटींपुरताच खरा असतो. भार वाढला, वेग वाढला, मार्ग बदलला, की वस्तू तपासण्यापूर्वी अटच पुन्हा वाचावयास हवी. त्या रुळांवरून जाणाऱ्या प्रवाशाने आपला शेरा वाचलेला नसतो; त्याने त्यावर विश्वास मात्र ठेवलेला असतो.