ओझं उतरवणारा शब्द

चौकशीअंती एखादा बडा अधिकारी आरोपांतून सुटला, की इंग्रजी वृत्तपत्रं हमखास ‘एक्झॉनरेट’ हे क्रियापद काढतात. मूळ लॅटिन. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, दूर. ‘ओनस’ म्हणजे ओझं. जाचक या अर्थाचा ‘ओनरस’ हे त्याचंच भावंड. लॅटिनमध्ये जहाजावरचा माल उतरवण्यालाही हेच क्रियापद चाले. इंग्रजीत ते आलं, तेव्हा त्याला कोर्टकचेरीचं सोवळं नव्हतं. पुढे कधी पाणी समुद्रात ‘एक्झॉनरेट’ होई, तर कधी माणसाचं (माफ करा) पोट!

सुटकेच्याच अर्थाच्या ‘अ‍ॅक्विट’चं कूळ निराळं, तिथं देणं चुकतं करण्याची कल्पना आहे. पुरावा अपुरा पडला तरी आरोपी ‘अ‍ॅक्विट’ होतो. ‘एक्झॉनरेट’ मला त्याहून वजनदार वाटतो. अमेरिकेत तो बहुधा शिक्षा होऊन गेल्यावर निर्दोष ठरलेल्यांसाठी वापरतात. इलिनॉयच्या गॅरी डॉटसनला १९७९ मध्ये बलात्काराबद्दल शिक्षा झाली. डीएनए चाचणीनंतर ती रद्द व्हायला १९८९ उजाडलं. तक्रारदार महिलेनं तर आरोप खोटा असल्याचं १९८५ मध्येच सांगितलं होतं.