कामगार भरपाईच्या दाव्यात वकिलाची फी: कायदा काय सांगतो

कामावर अपघात होऊन कामगाराचा मृत्यू झाला किंवा त्याला अपंगत्व आले, तर मालकाने भरपाई द्यावी, असे बंधन १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याने घातले. या कायद्याच्या तरतुदी आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आहेत. भरपाईची रक्कम सूत्राने ठरते. मृत कामगाराचे वय ३० वर्षे आणि हिशेबात धरले जाणारे मासिक वेतन १५ हजार रुपये असेल, तर वेतनाच्या निम्म्या रकमेला २०७.९८ या गुणकाने गुणून १५ लाख ५९ हजार ८५० रुपये येतात.

हिशेब इतका सरळ असल्यामुळे वाद सहसा आकड्यांचा नसतो. मृत व्यक्ती आपला कामगार नव्हताच, अपघात कामामुळे घडला नाही, असा पवित्रा मालक किंवा विमा कंपनी घेते आणि तेथे वकिलाची गरज भासते. हाती पैसा नसलेल्या कुटुंबापुढे मग ‘आता काही देऊ नका, निकालानंतर एवढे टक्के द्या’ असा प्रस्ताव येतो. वरील उदाहरणात २५ टक्के म्हणजे जवळपास ३ लाख ९० हजार रुपये!

असा करार भारतात अवैध आहे. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम वकिलांना मनाई करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच असा करार व्यावसायिक गैरवर्तन ठरवला होता. अपघातात पती गमावलेल्या तेलंगणातील महिलेकडून वकिलाने टक्केवारीच्या हिशेबाने धनादेश घेतला आणि तो न वटल्याने फौजदारी खटला भरला, तेव्हा २०१७ मध्ये याच न्यायालयाने तो खटला रद्द केला. ते प्रकरण मोटार अपघाताच्या भरपाईचे होते; तत्त्व मात्र कामगारांच्या दाव्यालाही लागू पडते. ठरावीक रकमेची फी घेण्यास अर्थातच हरकत नाही. ती आधी लेखी ठरवून पावती घेणे हिताचे.

१९२३च्या कायद्याच्या नवव्या कलमानुसार भरपाईची रक्कम गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि तिच्यावर जप्तीही येत नाही. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने ती आयुक्तांकडे जमा करायची असते. आश्रितांमधील वाटपही आयुक्तच करतात. दाव्याचा खर्च कोणी सोसायचा हे त्यांच्या विवेकाधीन असल्याने मालकाकडून खर्च मिळावा, अशी मागणी अर्जातच करावी.

वकील नेमलाच पाहिजे, असेही नाही. लेखी अधिकारपत्र दिल्यास नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी बाजू मांडू शकतो. शिवाय १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगार, महिला, अपंग व्यक्ती तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे जखमी कामगार आणि मृताची पत्नी, दोघेही यात बसतात. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो; १५१०० हा मदत क्रमांकही आहे.

फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. कागदपत्रे अडवल्यास किंवा टक्केवारी मागितल्यास राज्य विधिज्ञ परिषदेकडे तक्रार करता येते.