अनुदानित उद्योगांचे स्थलांतर आणि उत्तरदायित्व

उद्योगांना आकृष्ट करण्यासाठी सरकारे अनुदान, करसवलती आणि सवलतीच्या दरात जमीन देतात. अशी मदत घेतलेल्या कंपनीने उत्पादन अन्यत्र हलविल्यास सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न जर्मनीतील बोखुम शहरात २००८ मध्ये ऐरणीवर आला.

१५ जानेवारी २००८ रोजी नोकियाने तेथील मोबाईल कारखाना बंद करण्याची घोषणा केली. सुमारे २,३०० नोकऱ्या धोक्यात आल्या. वाढीव मजुरीखर्चामुळे उत्पादन प्रामुख्याने रुमानियात नेले जाईल, असे कंपनीने सांगितले. २००७ मध्ये तिला ७ अब्ज युरोंहून अधिक नफा झाला होता. हजारो नागरिक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. तत्कालीन अर्थमंत्री पेअर श्टाइनब्रुक यांनी या प्रवृत्तीला 'तांड्यांची भांडवलशाही' म्हटले.

कारखान्याला नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्याकडून सुमारे ६ कोटी युरोंचे साहाय्य मिळाले होते. मात्र रोजगार टिकविण्याची अट सप्टेंबर २००६ मध्येच संपली होती. त्यामुळे कारखाना बंद करणे हा करारभंग ठरत नव्हता. अटीच्या काळात ठरल्यापेक्षा कमी नोकऱ्या दिल्या, या मुद्द्यावर राज्याने व्याजासह रक्कम परत मागितली. अखेर तडजोड झाली. बोखुम परिसरातील नव्या रोजगारासाठी २ कोटी युरो देण्याचे कंपनीने मान्य केले. कामगारांसाठी सुमारे २० कोटी युरोंची भरपाई योजना ठरली.

रुमानियातील जुकू येथील औद्योगिक वसाहतही स्थानिक प्रशासनाने सार्वजनिक पैशातून उभारली होती. तो कारखाना बंद करण्याची घोषणा २०११ मध्ये झाली.

भारतात तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे नोकियाचा कारखाना २००६ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रात सुरू झाला. करविवादामुळे तो मायक्रोसॉफ्टकडे हस्तांतरित होऊ शकला नाही. पुढे मायक्रोसॉफ्टने मागणी थांबविल्याने १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन बंद पडले आणि हजारो कामगारांनी रोजगार गमावला.

युरोपीय संघाच्या २००७ ते २०१३ या काळातील नियमांनुसार, निधी घेतलेली गुंतवणूक मोठ्या उद्योगांनी ५ वर्षे टिकविणे बंधनकारक होते. अन्यथा रक्कम वसूल करता येत असे. भारतात औद्योगिक संबंध संहितेनुसार ३०० वा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते. परंतु ही तरतूद कामगार कायद्याची आहे. दिलेल्या सवलतींची परतफेड ही गुंतवणूक करारातील अटींवरच अवलंबून राहते.

बोखुमचा धडा स्पष्ट आहे. किती नोकऱ्या, किती वर्षे आणि अट मोडल्यास किती वसुली, हे पैसे देण्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे. कुलूप लागल्यानंतर सरकारच्या हाती केवळ वाटाघाटी उरतात.